घरच्या स्पीकरांना ॲम्प कोणता? वॅट सर्वात शेवटी पाहा

स्पीकर घरी बनवण्याचा नाद लागलेल्यांकडून हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. खोकी तयार आहेत, वूफर-ट्वीटर आले आहेत, डीएसपीचा डबाही घेऊन झाला. आता सहा चॅनलचा ॲम्प्लिफायर किती वॅटचा घेऊ? शंभरचा पुरेल की दोनशेचा घ्यावा? माझं उत्तर बहुतेकांना आवडत नाही. वॅटचा आकडा सर्वात शेवटी पाहा. त्याआधी दोन गोष्टी पाहा: काहीच वाजत नसताना तो ॲम्प स्वतः किती आवाज करतो, आणि हातात आलेला सिग्नल तो किती पटींनी वाढवतो. या दोन गोष्टी जाहिरातीत मोठ्या अक्षरांत कधीच नसतात, आणि घरच्या स्पीकरांचं सुख-दुःख मात्र बरंचसं त्यांच्यावरच ठरतं.

आधी सहा चॅनल लागतातच कशाला ते थोडक्यात सांगतो. ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावं. दुकानातल्या साध्या स्पीकरला एक वायरची जोडी जाते आणि खोक्याच्या आत कॉइल, कपॅसिटर, रेझिस्टर मिळून आवाजाची वाटणी करतात: खर्ज वूफरला, तार ट्वीटरला. ही वाटणी ॲम्पच्या नंतर होते. ‘ॲक्टिव्ह’ पद्धतीत ती ॲम्पच्या आधीच होते. हल्ली हे काम डीएसपी करतो. सिग्नलचे आकडे करून, गणितानंच त्याचे भाग पाडतो. मग प्रत्येक भागाला स्वतंत्र ॲम्प, आणि ॲम्पची वायर सरळ ड्रायव्हरला. तीन भागांचे दोन स्पीकर म्हणजे सहा चॅनल. या पद्धतीचा पाया ज्यांनी पक्का केला त्यांत झीगफ्रीड लिंकविट्झ यांचं नाव आधी घ्यावं लागेल. जर्मनीतून कॅलिफोर्नियात आलेले, ह्युलेट-पॅकार्डमध्ये मोजमापाची उपकरणं बनवणारे हे अभियंते. स्पीकर हा त्यांचा संध्याकाळचा उद्योग. 1976 साली त्यांनी मांडलेला क्रॉसओव्हर आज लिंकविट्झ-रायली या नावानं प्रत्येक डीएसपीच्या यादीत असतो. रायली हे त्यांचे कंपनीतले सहकारी. 2018 साली लिंकविट्झ गेले, पण त्यांचा एलएक्समिनी हा प्लंबिंगच्या पाइपांतून उभा राहणारा स्पीकर अजून जगभरातले लोक गॅरेजमध्ये बनवतात. त्याला चार चॅनल लागतात.

आता वॅट. आपल्या पिढीचं वॅटशी नातं जुनं आहे. लॅमिंग्टन रोडवरून 2एन3055 ट्रान्झिस्टर आणून गणपतीच्या मांडवासाठी ॲम्प जोडणारे काका तुमच्याही ओळखीत असतील. नंतर नव्वदच्या दशकात टू-इन-वनवर ‘पीएमपीओ’चे स्टिकर आले. भिंतीतल्या प्लगमधून जेवढी वीज आत जात नसे त्याच्या कितीतरी पट बाहेर येते असं ते स्टिकर सांगत. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शाळेत पाठ करून आलेलो आपण सगळे ते पाहून भुललो. अमेरिकेतही हे आधी होऊन गेलं होतं. त्यावर फेडरल ट्रेड कमिशनला 1974 साली ॲम्पच्या वॅटसाठी नियमच करावा लागला. म्हणजे वॅटच्या आकड्याची फुगवाफुगवी ही काही आपल्याच बाजाराची खासियत नाही.

तर हिशेब करू. घरी बनवलेला बरा स्पीकर 1 वॅटला 1 मीटरवर सुमारे 87 डेसिबल देतो असं धरा. तुम्ही 3 मीटरवर बसला आहात, खोली भिंतींवरून थोडा आवाज परत देते, स्पीकर दोन आहेत. बेरीज-वजाबाकी करून प्रत्येकी 1 वॅटला तुमच्या कानाशी 84 डेसिबलच्या आसपास येतात. हा बऱ्यापैकी मोठा आवाज झाला. सरासरी 80 डेसिबलवर ऐकत असाल, म्हणजे शेजारी बसलेल्याशी बोलताना तुम्हाला आवाज चढवावा लागतोय, तर सरासरी खर्च 0.4 वॅट. तबल्याची थाप किंवा झांजेचा आघात सरासरीच्या 20 डेसिबल वर जातो असं मोकळ्या हातानं धरलं तर त्या क्षणाला शंभर पट, म्हणजे 40 वॅट. हे पूर्ण स्पीकरचे. तीन ड्रायव्हरांत वाटले जाणार. त्यातला ट्वीटरच्या वाट्याला येणारा भाग लहान असतो, कारण संगीतातली बहुतेक ऊर्जा खालच्या आणि मधल्या पट्ट्यात असते. आणि 40 चे 80 वॅट केले तर मिळतात फक्त 3 डेसिबल, जे लक्ष देऊन ऐकल्यावर कळतात. दुप्पट मोठा वाटावा असा आवाज हवा तर दहा पट वॅट लागतात.

ॲक्टिव्ह पद्धतीत तर वॅट आणखी स्वस्त होतात, आणि हे गणित फारसं कुणी सांगत नाही. 8 ओमवर 50 वॅट देणारा ॲम्प म्हणजे 20 व्होल्ट, शिखराला 28. साध्या स्पीकरमध्ये खर्ज आणि तार एकाच ॲम्पमधून जातात, एकमेकांच्या खांद्यावर चढून. समजा दोघांचंही शिखर 28 व्होल्टचं आहे आणि ती एकाच क्षणी आली, तर ॲम्पला 56 व्होल्ट द्यावे लागतील. दुप्पट व्होल्टेज म्हणजे चौपट पॉवर: 200 वॅटचा ॲम्प. तेच काम वेगळे केलेले 50 वॅटचे दोन ॲम्प आरामात करतात. प्रत्यक्ष संगीतात दोन्ही शिखरं सारखी नसतात, त्यामुळे फायदा पूर्ण चौपट मिळत नाही. पण दिशा हीच. शिवाय वूफर जोरात गेला म्हणून ॲम्प छाटला गेला तरी त्याची फाटकी किनार ट्वीटरपर्यंत पोहोचत नाही. थोडक्यात, सहा वेळा 50 खरे वॅट असतील तर सर्वसामान्य दिवाणखान्यासाठी, अपार्टमेंटसाठी तर नक्कीच, विषय संपला. अपवाद दोन: उघड्या फळीवर बसवलेले वूफर, ज्यांना खर्जात भरपूर उचलून द्यावं लागतं, आणि बेसमेंटमध्ये चित्रपटगृह करायची हौस.

‘खरे’ या शब्दावर जरा थांबतो. ऑनलाइन मिळणाऱ्या उघड्या बोर्डांच्या जाहिरातीत 24 व्होल्टच्या ॲडॅप्टरवर चालणारा, दोन चॅनलचे प्रत्येकी शंभर वॅट देणारा बोर्ड दिसतो. कागद-पेन्सिल घ्या. ब्रिज पद्धतीनं जोडलेला ॲम्प फार तर पुरवठ्याएवढं शिखर देणार, 24 व्होल्ट. त्याचा वर्ग, भागिले दोन, भागिले 8 ओम: 36 वॅट. तेही आदर्श जगात, छाटणी सुरू होण्याच्या काठावर. 4 ओमवर याच्या दुप्पट निघेल, पण मग ॲडॅप्टरवरचा आकडा पाहा. 4 अँपिअर लिहिलं असेल तर आत जाणारी वीजच 96 वॅट, दोन्ही चॅनल मिळून. पाचवीतल्या मुलाला जमेल असं हे गणित आहे, आणि ते केल्याशिवाय ‘विकत घ्या’ हे बटण दाबू नये. बोर्ड वाईट असतात असं नव्हे. 36 वॅटला 36 म्हटलं तर त्यातले काही फार छान आहेत.

आता खरा विषय, खरखर.

साध्या स्पीकरमध्ये ट्वीटर हा वूफरपेक्षा जास्त संवेदनशील असतो म्हणून आतले रेझिस्टर त्याला खाली आणतात. ॲम्पची स्वतःची खरखरही त्याबरोबर खाली येते. आपल्या ॲक्टिव्ह स्पीकरमध्ये ट्वीटर आणि ॲम्प यांच्यात काहीच नाही. ॲम्पमधून जे निघेल ते ट्वीटर इमानदारीनं तुमच्या खोलीत सोडणार. 2.83 व्होल्टला 93 डेसिबल देणारा ट्वीटर घ्या; अगदी नेहमीचा. ॲम्पच्या आउटपुटवर 100 मायक्रोव्होल्ट खरखर असेल तर 1 मीटरवर 4 डेसिबल होतात. म्हणजे ट्वीटरला कान लावला तरच कळेल. खरखर 500 मायक्रोव्होल्ट असेल तर 18 डेसिबल. तुम्ही म्हणाल, रात्रीच्या शांत खोलीतही 25-30 डेसिबल असतातच की, त्यात हे 18 बुडून जातील. नाही बुडत. खोलीतला तो आवाज फ्रिजचा, हीटिंगचा, लांबच्या हायवेचा. बहुतेक सगळा खालच्या पट्टीतला. ट्वीटरची खरखर असते 3-4 हजार हर्ट्झच्या आसपास, जिथे माणसाचा कान सर्वात तिखट असतो आणि खोली सर्वात रिकामी. आणि ट्वीटर हॉर्नचा, 108 डेसिबलचा असेल तर प्रत्येक आकड्यात आणखी 15 मिळवा.

रॉक ऐकणाऱ्याला याचं फारसं दुःख होणार नाही. पण तुम्ही विलंबित ख्याल ऐकणार असाल तर विचार करा. सुरुवातीला नुसते तंबोरे आहेत. जोडीची तार छेडल्यावर तिच्यातून एकेक स्वर वर उमलत जातो, विरत जातो, आणि गायक पहिला षड्ज लावण्याआधी थांबलेला आहे. त्या थांबण्यात तुमच्या ट्वीटरनं लांबच्या पावसासारखी झड लावली असेल, तर सहा महिने खपून, फळ्या घासून, मायक्रोफोननं मोजमापं घेऊन केलेल्या स्पीकरचा उपयोग काय? नवख्या लोकांना वाटतं की आपली रचनाच फसली. स्पीकर कोपऱ्यात जातात आणि घरात ब्लूटूथचा डबा येतो. हे मी एकाहून जास्त घरांत पाहिलं आहे, आणि प्रत्येक वेळी स्पीकर निर्दोष होते.

मग माहितीपत्रकात काय शोधायचं? तिथे असतो सिग्नल-टू-नॉइज रेशो, डेसिबलमध्ये. इथे एक गंमत आहे. हा आकडा बहुतेक वेळा पूर्ण पॉवरच्या तुलनेत दिलेला असतो. 200 वॅटचा ॲम्प 8 ओमवर 40 व्होल्ट देतो. त्याचा आकडा 110 डेसिबल असेल तर खरखर 126 मायक्रोव्होल्ट. 50 वॅटचा ॲम्प 20 व्होल्ट देतो. त्याचा आकडा 106 असेल तर खरखर 100 मायक्रोव्होल्ट. कागदावर 110 वाला सरस, खोलीत 106 वाला शांत. मोठ्या ॲम्पला 6 डेसिबल नुसते आकाराचे फुकट मिळतात. म्हणून रेशो वाचू नका, त्यातून मायक्रोव्होल्ट काढा. काही प्रामाणिक कंपन्या आउटपुट नॉइज सरळ मायक्रोव्होल्टमध्येच देतात. तसा आकडा दिसला तर त्या कंपनीबद्दल माझं मत आपोआप बरं होतं. शंभरच्या आत हवा, पन्नासच्या आत असेल तर उत्तम.

दुसरी गोष्ट म्हणजे गेन, किती पट. डीएसपीचा डबा जास्तीत जास्त 2 व्होल्ट देतो असं धरा. 50 वॅटसाठी 20 व्होल्ट हवेत. म्हणजे दहा पट पुरे. घरगुती ॲम्प साधारण 20 ते 28 पट वाढवतात, स्टेजवरचे व्यावसायिक ॲम्प 40 पट किंवा त्याहून जास्त. जास्तीची ही वाढ तुमच्या काहीच कामाची नाही, पण डीएसपीची स्वतःची खरखर तिच्यातून इमानेइतबारे वाढून येते. डीएसपीच्या आउटपुटवर 10 मायक्रोव्होल्ट असतील तर दहा पटीला 100, चाळीस पटीला 400. म्हणजे शांत ॲम्प घेऊनही हाती खरखरच. यावर उपाय चिल्लर खर्चाचा आहे: ॲम्पच्या इनपुटला दोन रेझिस्टर. 3 किलोओम सिग्नलच्या वाटेत, 1 किलोओम तिथून ग्राउंडला. सिग्नल आणि डीएसपीची खरखर दोन्ही चौथाई होतात. ॲम्पच्या पाठीवर गेनची बटणं असतील तर तेवढीही तसदी नको.

ॲम्पची स्वतःची खरखर मात्र यानं कमी होत नाही. तिच्यासाठी रेझिस्टर ॲम्प आणि ट्वीटरच्या मध्ये बसवावे लागतात, आणि इथे ॲक्टिव्ह पंथातले सोवळे लोक भडकतात. त्यांच्या मते ड्रायव्हर आणि ॲम्पमध्ये काही घालणं म्हणजे सगळं मुसळ केरात. मला हे पटत नाही. तुमचा वूफर 85 डेसिबलचा आणि ट्वीटर 93 चा असेल तर डीएसपीत ट्वीटर 8 डेसिबलनं खाली आणावाच लागणार आहे. तेच काम 4.7 ओमचा रेझिस्टर मालिकेत आणि 5.6 ओमचा ट्वीटरला समांतर जोडून केलंत, तर ॲम्पची खरखरही जवळपास तितकीच खाली येते आणि ॲम्पला दिसणारा भार 8 ओमच राहतो. दहा-दहा वॅटचे रेझिस्टर, काही डॉलरचं काम. ट्वीटरच्या वाट्याला तशीही पॉवर कमी लागते, त्यामुळे ती वाया जाण्याचं दुःख नाही. त्यानंतर पुन्हा मायक्रोफोन लावून मोजा आणि डीएसपीत जे लहानसहान फरक दिसतील ते दुरुस्त करा. डीएसपी असतो कशाला मग?

हाच सोवळेपणा ट्वीटरच्या कपॅसिटरबद्दल. ॲम्प सुरू होताना किंवा बिघडताना आउटपुटवर सरळ विद्युतप्रवाह येऊ शकतो. वूफर एक धक्का खाऊन सावरतो, ट्वीटरची केसासारखी कॉइल जळून जाते. डीएसपीत चुकून चॅनलची अदलाबदल झाली आणि ट्वीटरला खर्ज गेला तरी तेच. वाटेत 33 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला की 8 ओमला 600 हर्ट्झच्या खालचं आणि सरळ प्रवाह अडतात. क्रॉसओव्हर अडीच हजारांच्या पुढे असेल तर त्याचा परिणाम दोन सप्तकं खाली राहतो, ऐकू येत नाही. बाजारात त्याच किमतीला दुसरा ट्वीटर मिळत असता तर मी आग्रह धरला नसता.

आता आवाजाचं बटण कुठे असावं, हा प्रश्न ॲम्प निवडतानाच सोडवायला हवा. बहुतेक लोक संगणकावर किंवा डीएसपीच्या आधी आवाज कमी-जास्त करतात. मग रात्री हळू ऐकताना संगीत 30 डेसिबल खाली येतं, पण डीएसपीची खरखर जागच्या जागी राहते. बटण डीएसपीच्या नंतर असेल तर संगीताबरोबर तीही खाली येते. अडचण अशी की तिथे एक नव्हे, सहा चॅनलचं, बरोबर एकसारखं चालणारं बटण लागतं, आणि तसं सुटं मिळणं कठीण नि महाग. पण ते एका वस्तूत आयतं बसलेलं असतं: जुन्या होम थिएटर रिसीव्हरमध्ये. सुपर ऑडिओ सीडी आणि डीव्हीडी-ऑडिओच्या काळातल्या बऱ्याच रिसीव्हरांच्या पाठीवर सहा किंवा आठ ॲनालॉग इनपुटांची रांग असते. त्या रांगेतून आलेला सिग्नल सहसा रिसीव्हरच्या डिजिटल भागात शिरत नाही. सरळ आवाजाच्या बटणातून ॲम्पकडे जातो. नव्या टीव्हीला चालणारं एचडीएमआय नाही म्हणून लोक हे रिसीव्हर अक्षरशः उकिरड्याच्या भावात काढून टाकतात. पहिलाच प्रकल्प असेल तर मी हेच सुचवतो. पाच-सात चॅनल, रिमोट, सहा जणांचं एकत्र बटण, स्पीकर उशिरा जोडणारा रिले, सगळं एका खोक्यात. घेताना मात्र ती इनपुटांची रांग आहे याची खात्री करा, 4 ओमचे वूफर असतील तर तापमानावर लक्ष ठेवा, आणि त्याला पुस्तकांच्या कपाटात कोंडू नका.

यावर येणारा आक्षेप मला पाठ आहे: रिसीव्हरमध्ये सगळ्या चॅनलांना मिळून एकच पॉवर सप्लाय असतो, सातही चॅनल एकदम चालवले तर शंभरचे चाळीस वॅट होतात. बरोबर आहे. पण आपल्या उपयोगात सगळे चॅनल एकदम कधी जोर लावतात? वूफर ओढत असताना ट्वीटर जवळपास स्वस्थ असतो. सामाईक पुरवठा म्हणजे एकत्र कुटुंबातल्या तिजोरीसारखा. ज्याला लागेल त्यानं घ्यावं. सहा वेगळ्या पुरवठ्यांत ट्वीटरच्या दोन पुरवठ्यांची क्षमता जन्मभर पडून राहते. ‘सगळे चॅनल एकदम’ ही चाचणी सिनेमासाठी कदाचित अर्थपूर्ण असेल, आपल्यासाठी नाही.

दुसऱ्या टोकाला स्टेजचे ॲम्प. डॉलरला सर्वात जास्त खरे वॅट इथेच मिळतात, बांधणी भक्कम असते, आणि नेमकं म्हणूनच लोक फसतात. गेन अवाजवी, आणि आत पंखा. पंखा बदलून मंद चालणारा बसवा असा सल्ला सर्रास दिला जातो. ॲम्पची उष्णता त्या पंख्याच्या हिशेबानं आखलेली असते, त्यामुळे मी तो देणार नाही. ॲम्प दुसऱ्या खोलीत ठेवून वायर भिंतीतून आणता येत असेल तर गोष्ट वेगळी.

क्लास डी की क्लास एबी, यावर मराठी माणसं जेवढं बोलतील तेवढं थोडं, पण मी लवकर आटपतो. सहा-आठ चॅनलचा एबी ॲम्प नुसता चालू ठेवला तरी खोली तापवतो. क्लास डी अत्यल्प वीज खातो आणि छोट्या खोक्यात मावतो, म्हणून बहुचॅनल कामाला तो स्वाभाविक आहे. जुन्या क्लास डीवर एक आक्षेप खरा होता: आउटपुटला असलेल्या फिल्टरमुळे वरच्या पट्टीतला प्रतिसाद स्पीकरच्या ओमनुसार बदलायचा. ब्रूनो पुत्झेस यांनी फिलिप्समध्ये असताना केलेल्या यूसीडी रचनेत फीडबॅक त्या फिल्टरच्याही नंतरून घेतला, आणि आजचे चांगले क्लास डी त्याच वाटेनं गेले आहेत. स्वस्त बोर्ड अजून जुन्याच पद्धतीचे असतात. पण तुमचा ट्वीटर कायम तोच आहे, तुम्ही मायक्रोफोननं शेवटचा आवाज मोजणारच आहात, त्यामुळे तो एक-दीड डेसिबलचा फरक डीएसपीत जातो. डॅम्पिंग फॅक्टर शंभर की हजार यावर वेळ घालवू नका. वूफरच्या कॉइलचे स्वतःचे सहा-एक ओम त्या वाटेत बसलेलेच असतात.

एक सावधगिरी मात्र पक्की लक्षात ठेवा. ब्रिज पद्धतीच्या ॲम्पमध्ये काळा टर्मिनल ग्राउंड नसतो. तोही जिवंत असतो. दोन चॅनलचे काळे टर्मिनल एकत्र जोडणं, किंवा मोजमापासाठी साउंडकार्डाचं ग्राउंड त्याला लावणं म्हणजे ॲम्प नाहीतर साउंडकार्ड यांपैकी एकाची तेरावी.

आणि तीन स्टिरिओ ॲम्प एकत्र वापरावेत की सहा चॅनलचा एकच डबा? एकच घ्या. प्रत्येक वेगळ्या ॲम्पबरोबर एक वेगळी अर्थची वाट येते, वाटांची वेटोळी होतात आणि स्पीकरमधून 60 हर्ट्झचं घूंऽऽ सुरू होतं. मग कोणीतरी सांगतं की प्लगचा तिसरा, अर्थचा पाय काढून टाक, थांबेल. थांबतं खरं. पण आत एखादी वायर सुटून धातूच्या खोक्याला टेकली तर ते खोकं अख्ख्या व्होल्टेजवर येतं, आणि त्याला पहिला हात लावणारं माणूस घरातलंच असतं. हे कधीही करू नका. बॅलन्स्ड वायरी वापरा, सगळी उपकरणं एकाच पट्टीला जोडा, नाहीतर सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला.

परतीची मुदत असलेल्या दुकानातून घेतलात तर पहिल्याच रात्री ही चाचणी करा. प्रत्येक इनपुटला असा आरसीए प्लग लावा ज्याचा मधला खांब बाहेरच्या कड्याला जोडलेला आहे, म्हणजे इनपुट पूर्ण मुका. ट्वीटर जोडा, आवाजाचं बटण नेहमीच्या जागी ठेवा, हीटिंग बंद करा आणि ट्वीटरपासून एक फुटावर कान न्या. तिथे काही ऐकू आलं तर बिघडत नाही. मग आपल्या नेहमीच्या खुर्चीत जाऊन बसा. तिथे ऐकू आलं तर वर सांगितलेले रेझिस्टर घालून पाहा, आणि तरीही येत असेल तर डब्यात भरून परत पाठवा, वॅट कितीही असोत. त्यानंतर मुके प्लग काढून डीएसपी जोडा आणि पुन्हा ऐका. आता वाढलेला भाग डीएसपीचा. कोणाचा दोष कोणाच्या माथी हे एवढ्यानं कळतं. चालू करताना नेहमी डीएसपी आधी, ॲम्प शेवटी. बंद करताना ॲम्प आधी.

राहता राहिलं परत जाण्याचं. ‘दोन-चार वर्षांत भारतात जाऊ’ असं म्हणत वीस वर्षं इथे काढलेले आपण सगळे. तरी घेताना ॲम्पची पाठ वाचून ठेवा. मोठ्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरचे अमेरिकी ॲम्प बरेचदा फक्त 120 व्होल्टचे असतात. पुण्यात 230 ला लावला तर फ्यूज उडाला तर नशीब म्हणायचं. स्विचिंग सप्लायवाले पुष्कळ क्लास डी 100 ते 240 व्होल्ट आपोआप घेतात, पण सगळे नाहीत. काहींना आत किंवा पाठीवर 115/230 चा खटका असतो, आणि तो विमानात बसायच्या आधी नव्हे, तिकडे पोहोचल्यावर, प्लग लावायच्या आधी फिरवायचा असतो.